नटॉलची कोळी पलटण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेल्ह्याहून आळेफाट्यास येऊन पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेस निघाले, की संगमनेर मागे पडल्यावर नांदूर शिंगोटे लागते. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी तेथे भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत नगरचे पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारले गेले. आणि बंदोबस्ताचे नेहमीचे उपाय तोकडे पडल्यावर कंपनी सरकारने जुन्नर, अकोले व नाशिकच्या डोंगरी मुलखातील महादेव कोळ्यांची स्वतंत्र पलटण कॅप्टन नटॉल यांच्या हाताखाली उभी केली.

या पलटणीसंबंधी पहिला गैरसमज असा, की अमुक जमात जात्याच बंडखोर व अमुक जात्याच सरकारनिष्ठ असते, आणि सरकार त्यातून आपला जोडीदार निवडते. वस्तुस्थिती पाहावी. ज्या बंडखोर कोळी नाईक राघोजी भांगऱ्यांना सरकारने १८४८ साली ठाण्यास फाशी दिले, त्यांच्याच भावाला पुढील दहा वर्षांच्या आत या पलटणीत अधिकारपद मिळाले. आणि ज्या भागोजी नाईकाविरुद्ध ती उभारली, तो स्वतः पूर्वी नगर पोलिसांत अंमलदार होता, १८५५ साली दंग्याबद्दल झालेली शिक्षा भोगून आल्यावर तो डोंगरात गेला. निवड रक्तावरून झाली नव्हती. भिल्ल व कोळी यांची जुनी चुरस सरकारला ठाऊक होती आणि तिचा उपयोग करून घेण्यात आला, ही गोष्ट मला तरी क्लेशकारक वाटते.

दुसरा समज असा, की शूर जवान हेरून त्यांना पगार बांधून दिला म्हणजे पलटण तयार होते. प्रत्यक्षात नटॉल यांनी एकेका शिपायाशी नव्हे, तर निरनिराळ्या कुळांच्या नाईकांशी बोलणे केले आणि जो जितकी माणसे आणील तितका त्याचा हुद्दा मोठा, असे वचन दिले. जावजी नाईक बांबळे पलटणीचे प्रमुख झाले ते याच रीतीने. डोंगरातला माणूस आपल्या नाईकाच्या शब्दावर उठतो, परक्या अंमलदाराच्या हुकमावर नव्हे. शिवछत्रपतींनी हे दोन शतके आधी ओळखले होते, म्हणूनच १६५९ साली अफजलखान चालून आला असता मावळातले देशमुख कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून स्वराज्याची बाजू धरली, या घटनेचे मोल हजार भाडोत्री स्वारांहून अधिक ठरले.

कवायतीला डोंगरी माणूस बसत नाही, हा समज तर पलटणीने स्वतःच खोटा पाडला. डिसेंबर १८५७ मध्ये आपापल्या तलवारी व बंदुका घेऊन आलेल्या शंभर जणांची ती पुढे सहाशेंची झाली. हिरवे पागोटे, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत तांबडे धोतर आणि पायांत वहाणा, असा त्यांचा पोशाख होता; तंबू नाही, सामानाचे तट्टू नाही, प्रत्येकाचे सर्व सामान पाठीवर, स्वयंपाकाची भांडी आपसांत वाटून घेतलेली; अशा स्थितीत ते दिवसाला ३० ते ४० मैल डोंगर तुडवीत आणि मुक्कामी पोहोचताच आधी बंदूक साफ करीत.

सर्वांत घातक समज शेवटचा, की कार्यभाग साधला म्हणजे जोडीदाराचा हिशेब मिटतो. मार्च १८६१ मध्ये पलटण बरखास्त झाली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे नांगराकडे आणि मजुरीकडे परतले, आणि त्यांच्या डोक्यावरील सावकारी कर्जाचा प्रश्न जसाच्या तसा राहिला. बारा वर्षांनी आंबेगावातील जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध टोळी उभारली आणि १८७६ साली पकडले जाईपर्यंत त्यांनी सरकारला स्वस्थता लाभू दिली नाही. लाओसमधील मोंग लोकांना अमेरिकेने १९६१ पासून लढविले आणि १९७५ साली वाऱ्यावर सोडले, त्याची कथाही याच जातीची आहे.

जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून स्थानिक इतिहास सांगणाऱ्या गुरुजनांना माझी विनंती आहे, की राघोजी भांगरे व होन्या केंगले यांच्याबरोबर जावजी बांबळे आणि त्यांचे सहाशे जवानही मुलांना सांगावेत, आणि कोणालाही देशद्रोही वा राजनिष्ठ ठरविण्यापूर्वी १८६१ नंतर त्या जवानांच्या घरात काय उरले, याची चौकशी करावी.