पेटंटची बातमी आणि गोळीचा पत्ता

कंपवातावरच्या नव्या औषधासाठी खानदेशातल्या एखाद्या फार्मसी महाविद्यालयाला पेटंट मिळालं, अशी बातमी छापून आली की ज्यांच्या घरात कुणाचे हात थरथरतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गोळी मिळेल कुठे? प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र हिरमोड करणारं. मेंदूविकारांवरची औषधं, त्यामागचा सरकारी पैसा आणि रुग्णाच्या हाती पडणारी बाटली यांची आपल्याकडे पुरती सरमिसळ झाली आहे.

गैरसमज : पेटंट मिळालं म्हणजे औषध तयार झालं.

पेटंट मिळतं ते कल्पनेच्या नावीन्याला. ती माणसाच्या मेंदूवर चालते का, हे पेटंट कार्यालय तपासत नाही. शिरपूर, धुळे, जळगाव या पट्ट्यात फार्मसीची महाविद्यालयं बरीच आहेत. अशा ठिकाणी मेंदूवरचं संशोधन बहुधा एका अडचणीभोवती फिरतं. रक्तातून येणाऱ्या बहुतेक रसायनांना मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर आत शिरू देत नाही. मग नाकावाटे औषध नेणारं जेल करून पाहा, सूक्ष्म कणांत औषध भरून पाहा, असे प्रयत्न होतात आणि ते बहुतेक उंदरांपर्यंत पोचतात. केंद्राच्या विज्ञान विभागाचं किंवा राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचं अनुदान या टप्प्यासाठी असतं. पुढे माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे, वर्षानुवर्षांचा काळ आणि कोट्यवधींचा खर्च. तो महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा. आणि मेंदूच्या औषधांचं अपयशाचं प्रमाण इतर बऱ्याच औषधांपेक्षा जास्त आहे.

गैरसमज : औषधं कंपन्याच शोधतात, सरकारचा त्यात हात नसतो.

कंपवातावरच्या सगळ्यात महत्त्वाच्या औषधाची, लेव्होडोपाची गोष्ट पाहा. सातपुड्यात यावल, चोपडा, शिरपूरच्या रानात फिरलेल्याला कुहिली माहीत असतेच. शेंगेची लव अंगाला लागली की खाजवून जीव जातो. या शेंगेच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढल्याचा शोधनिबंध दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला. त्याचा मेंदूशी काय संबंध, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि होर्नीकिविच यांनी कंपवाताच्या रुग्णांना ते टोचून दिलं आणि जखडलेली माणसं काही तासांसाठी हलू लागली. पण ते रोजचं औषध झालं १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांच्या कामानंतर. हळूहळू मात्रा वाढवत तोंडाने देण्याची रीत त्यांनी बसवली. त्यांची प्रयोगशाळा होती ब्रुकहेवन इथली, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर चालणारी!

हा अपवाद नाही. अमेरिकेत २०१० ते २०१६ या काळात मंजूर झालेल्या २१० नव्या औषधांचा अभ्यास झाला, तेव्हा प्रत्येकामागच्या मूळ संशोधनात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा पैसा आढळला. याच संस्थेने १९७५ पासून अपस्मारावरची रसायनं तपासून देण्याचा उपक्रम चालवला आणि फेफऱ्यावरच्या आजच्या कित्येक गोळ्या त्यातून पुढे गेल्या. सरकार सुरुवातीची जोखीम घेतं, कंपनी शेवटचा महागडा टप्पा चालवते आणि वेष्टनावर नाव फक्त कंपनीचं येतं.

गैरसमज : कुहिली आपली, म्हणून तिचं चूर्ण खाल्लं की झालं.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच कुहिलीचा कंपवातावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९९५ मध्ये साठ रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली, २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर. निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते, पण आकडे पाहा : साठ आणि आठ! वनस्पतीवर मक्तेदारी मिळत नाही, त्यामुळे हजारो रुग्णांची चाचणी करायला कंपनीला रस नसतो. सरकारी पैशाची खरी गरज असते ती नेमकी इथे, आणि नेमका इथेच तो आटतो. प्रत्येक बीमध्ये लेव्होडोपा सारखं नसतं. डॉक्टरांची गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते. उलट्या, रक्तदाब घसरणं, भास होणं हे त्याचे परिणाम. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं, ते औषध मेंदूत पोचण्याआधीच फुटू नये म्हणून. घरच्या चूर्णात ती सोय नाही.

गैरसमज : सरकार आता संशोधनावर पाण्यासारखा पैसा ओततंय.

सगळ्या क्षेत्रांतला सरकारी-खासगी मिळून भारताचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. केंद्राने २०२३ मध्ये औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी पाच वर्षांची ५,००० कोटींची योजना आणली. त्यातले ७०० कोटी सात राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थांतल्या केंद्रांसाठी आहेत. त्यांचे विषय जंतुविरोधी औषधं, उपकरणं, वनस्पतिजन्य औषधं असे. मेंदूविकार म्हणून वेगळं केंद्र एकही नाही. दुर्मिळ आजारांच्या औषधांना योजनेत जागा आहे, हे मात्र खरं.

गैरसमज : चाचणीत नाव घातलं की माणसाचा उंदीर होतो.

२०१९ च्या नियमांनुसार लेखी संमती, नीतिसमितीची परवानगी आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई बंधनकारक आहे. २००९ पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंद सक्तीची असून ती कुणालाही पाहता येते. कुणी 'नवं औषध' म्हणून पैसे मागत असेल, तर आधी ही नोंद पाहावी.

गैरसमज : सरकारी मदत असते म्हणजे उपचार फुकट.

संशोधनाचा पैसा आणि उपचाराचा पैसा हे दोन वेगळे खिसे आहेत. महात्मा फुले योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांभोवती बांधलेली आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीसारख्या दुर्मिळ आजारासाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे. त्यात ठरलेल्या केंद्रांतून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हे त्यांपैकी एक, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या कुटुंबाला रेल्वेचा प्रवास आलाच. या आजारावरचं रिसडिप्लॅम हे औषध मूळ कंपनीकडून सुमारे सहा लाख रुपयांना एक बाटली असं मिळायचं. मोठ्या रुग्णाला बाटली बारा दिवस पुरते. म्हणजे सरकारचे ५० लाख साधारण तीन महिन्यांत संपायचे.

या औषधाच्या पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ कंपनी रोशची मनाईची मागणी फेटाळली, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध १५,९०० रुपये बाटली या दराने आणलं. वर्षाला तीस बाटल्या धरल्या तर खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास. सरकारने मदतीत एक रुपयाही वाढवला नाही, तरी त्याच ५० लाखांत आता दहा वर्षं निघतात.