संगणकाचा काळा पडदा : सोय आणि सावधगिरी



एरवी या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. परंतु त्याचा संबंध आपल्या ऊसबिलाशी आणि बँक खात्याशी येतो, तेव्हा पान उलटू नये ही विनंती.

लागण नोंदीचे दिवस आले की आम्हा शेतकी खात्याच्या लोकांची रात्र संगणकापुढे जाते. दिवसभर शिवार तुडवायचे आणि सांजेला गट ऑफिसात बसून गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख भरत राहायचे. पांढऱ्याफटक पडद्याकडे बघून डोळे चुरचुरतात. गेल्या हंगामात आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तोड काढली. "साहेब, डार्क मोडचं एक्स्टेंशन टाकू या. पडदा काळा, अक्षरं पांढरी." दोन मिनिटांत त्याने ते बसवले. फुकटचे होते आणि डोळ्यांना बरेही वाटले. आम्ही खूष!

पुढे सुटीला आमची कन्या घरी आली. ती संगणक शिकते. तिने आमचा लॅपटॉप पाहिला आणि विचारले, "बाबा, हे बसवताना त्यानं काय परवानगी मागितली, वाचलं होतं का?" आम्ही वाचले नव्हते. खरे सांगायचे तर, 'हो' म्हणणारे बटण दाबण्यापलीकडे आम्ही कधीच काही वाचत नाही.

रंगारी घरात आला की

एक्स्टेंशन म्हणजे इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरला मागाहून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. पानाचा रंग बदलायचा तर त्याला ते पान आधी वाचावे लागते. भिंत कोणती, दार कोणते हे पाहिल्याशिवाय रंगारी रंग देईल कसा? म्हणून असली एक्स्टेंशने बहुधा 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे' अशा अर्थाची परवानगी मागतात. मागणीत लबाडी नाही; कामच तसे आहे. पण रंगाऱ्यासाठी उघडलेल्या खोल्यांत तिजोरीची खोलीही असते. बँकेचे पान, ईमेल, तिथे टाइप केलेला पासवर्ड, सारे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येते. रंगारी इमानी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कुंपणच शेत खाऊ लागते.

ही नुसती भीती नव्हे. 'स्टायलिश' नावाचे एक्स्टेंशन संकेतस्थळांचे रूप बदलण्यासाठी जगभर लोकप्रिय होते. पाने काळी करण्यासाठीही लोक ते वापरत. २०१७ च्या सुरुवातीस ते सिमिलरवेब या इंटरनेटवरील रहदारीचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीकडे गेले. जुलै २०१८ मध्ये रॉबर्ट हीटन या संगणकतज्ज्ञाने उघड केले, की वापरणारा कोणकोणती पाने पाहतो याची यादीच ते आपल्या मालकाकडे पाठवीत होते. गूगल आणि मोझिला या दोघांनी ते त्या वेळी आपल्या दुकानांतून काढून टाकले.

यातली मेख ध्यानी घ्यावी. मालक बदलला, परंतु परवानगी जुनीच राहिली. एक्स्टेंशनच्या सुधारित आवृत्त्या आपोआप येतात आणि सर्व परवानग्या आधीच दिलेल्या असल्या तर नव्याने कोणी विचारीत नाही. जमीन कसायला एकाला द्यावी आणि त्याने परस्पर तिसऱ्याला आत घ्यावे, तसा हा प्रकार.

आम्ही काय केले

आमच्यापुरते असते तर गोष्ट वेगळी होती. पण त्याच ब्राउझरमध्ये आम्ही ऊस नोंदणी उघडत होतो. तिच्यात आपली नावे, मोबाइल नंबर आणि बिल जमा व्हायचे खाते नंबर असतात. ती माहिती आपण आम्हाला विश्वासाने दिलेली आहे. आम्ही एक्स्टेंशन त्याच रात्री काढले, पासवर्ड बदलले आणि सकाळी संगणक विभागास स्वतः जाऊन सांगितले. तपासात गैरप्रकार आढळला नाही. तरीही आमची चूक ती चूकच, म्हणून येथे लिहिली.

मग काळा पडदा वापरूच नये काय?

जरूर वापरावा. पुढील गोष्टी मात्र सांभाळाव्यात.

१. आधी घरचे वापरावे. विंडोजमध्ये आणि मोबाइलमध्येही डार्क थीम सेटिंगमध्येच मिळते. अँड्रॉइड आणि आयफोनवर ती २०१९ पासून आहे. ज्या संकेतस्थळांनी तशी सोय ठेवली आहे, ती त्यानंतर आपोआप काळी दिसतात. तिऱ्हाइताला घरात घ्यावे लागत नाही.

२. एक्स्टेंशन घ्यायचेच तर बेण्यासारखे पारखून घ्यावे. 'डार्क रीडर'सारख्यांची घडण उघडी आहे. कोणीही जाणकार ती तपासू शकतो. नाव मात्र नीट वाचावे, कारण मिळत्याजुळत्या नावाच्या नकला निघतात.

३. परवानगी आखडती द्यावी. संगणकावरील क्रोममध्ये एक्स्टेंशन सर्व साइटवर, ठरावीक साइटवर की फक्त क्लिक केल्यावर चालावे, हे आपणास ठरवता येते.

४. बँकेसाठी वेगळा ब्राउझर ठेवावा आणि त्यात एकही एक्स्टेंशन घालू नये. हा उपाय सर्वांत सोपा.

५. वर्षातून दोनदा खुरपणी करावी. वापरात नसलेली एक्स्टेंशने तणासारखी उपटून टाकावीत.

आणि डोळ्यांचे म्हणाल, तर नुसत्या काळ्या रंगावर विसंबू नये. काही जणांना काळ्यावरची पांढरी अक्षरे उलट पुसट दिसतात. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतका ठेवावा आणि दर २० मिनिटांनी नजर लांब टाकावी. आमच्या गट ऑफिसच्या खिडकीतून समोर आडसाली ऊस दिसतो. हल्ली आम्ही तोच बघतो.

आपली मुले-मुली संगणक जाणतात. हा अंक त्यांच्या हाती द्यावा आणि घरच्या यंत्रात कोण कोण शिरले आहे, ते एकदा पाहून घ्यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी