पापानेक यांचा डबा-रेडिओ आणि डिझाइन-शिक्षकाचा अधिकार

परसंस्कृतीत मानवतावादी कार्य करणाऱ्या डिझाइन-शिक्षकाने वस्तूविषयीचे किती निर्णय स्वतःकडे ठेवावेत? व्हिक्टर पापानेक यांचा डबा-रेडिओ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मूळचे ऑस्ट्रियाचे व अमेरिकेत अध्यापन करणारे पापानेक यांनी १९६० च्या दशकात एका विद्यार्थ्याच्या साहाय्याने तो सिद्ध केला. फळांच्या रसाचा रिकामा डबा, त्यात मेण आणि वात. ज्योतीच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या अल्प विजेवर इअरफोन चाले. जर्मनीतील उल्म येथील डिझाइन-विद्यालयात त्याची 'कुरूप' म्हणून संभावना झाली. तथापि त्यास रंग देणे पापानेक यांनी नाकारले. इंडोनेशियातील लोकांच्या सौंदर्यदृष्टीविषयी निर्णय घेण्याचा आपणांस अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. लोकांनी डबे कापड, काचा, शिंपले लावून सजविल्याचे 'डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड' (१९७१) या ग्रंथात नमूद आहे.

ही भूमिका उदार खरीच. परंतु या रेडिओवर केंद्र निवडण्याची सोयच नव्हती. देशात एकच केंद्र असल्याने ती अनावश्यक, असे पापानेक यांचे समर्थन होते. म्हणजे सजावट श्रोत्याची. काय ऐकावे, हे मात्र प्रक्षेपण करणाऱ्याच्या हाती. वर्गात सजविलेल्या डब्याचे छायाचित्र दाखविताना त्यावर नसलेल्या त्या बटणाविषयीही विद्यार्थ्यांस विचारावे.