लोणारचें गुलाबी पाणी

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर आपणां वऱ्हाड-नागपूरकरांस परकें नाहीं. उल्कापातानें बसाल्ट खडकांत पडलेल्या त्या विवराचें पाणी खारट असून एरवीं हिरवट दिसतें. २०२० सालच्या जूनमध्यें तें एकाएकीं गुलाबी झालें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची दखल घेतली, आणि पाण्याचे नमुने येथील 'नीरी' व पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांजकडे गेले.

प्रथम संशय आला ड्युनालिएला नांवाच्या एकपेशीय शैवालावर. खाऱ्या पाण्यांत तें गाजराच्या रंगाचें कॅरोटीन साठवून तांबूस होतें. परंतु आघारकर संस्थेच्या तपासांत खरे रंगारी निघाले ते हॅलोआर्किया नांवाचे लवणप्रिय सूक्ष्मजीव. रंग दोघांचाही तांबूस. मग भेद कोणता? तो पेशीच्या आंत आहे.

ड्युनालिएलाची पेशी म्हणजे जणूं एक नांदता वाडा. तिचा डी. एन. ए. केंद्रकाच्या दुहेरी पटलाआड, जामदारखान्यांतील ठेव्यासारखा असतो. सूर्यप्रकाशावर अन्न शिजविणारें हरितलवक निराळें. अन्नांतून शक्ति काढणाऱ्या तंतुकणिका निराळ्या. ही दृश्यकेंद्रकी पेशी. आपलें शरीर, ज्वारीचें ताट, शिळ्या भाकरीवरील बुरशी, सर्वांच्या पेशी ह्याच जातीच्या.

हॅलोआर्कियाची पेशी आदिकेंद्रकी, म्हणजे एका खोलीचें बिऱ्हाड. तींत केंद्रक नाहीं कीं पटलांनीं वेढलेलीं दालनें नाहींत. डी. एन. ए. पेशीद्रवांतच असतो, आणि प्रथिनें घडविणारे रायबोझोम त्याच्या शेजारींच काम करतात. ड्युनालिएला मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाइतकी. हे जीव त्याहूनही कितीतरी लहान.

तरी ह्या बिऱ्हाडास कमी लेखूं नये. पेशींत पोटॅशियमचे क्षार भरून घेऊन तें बाहेरच्या मिठाचा ताण सोसतें. उन्हाळ्यांत सरोवर आटून क्षार दाटले, तेव्हां ह्याच जीवांची भरभराट झाली. पावसानें पाणी वाढतांच रंग ओसरला.

आणखी एक गोष्ट. केंद्रक नाहीं म्हणून आर्कियांना पूर्वीं जीवाणूंतच गणीत. १९७७ सालीं कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स ह्यांनीं रायबोझोममधील आर. एन. ए. ताडून तें कुळ स्वतंत्र असल्याचें दाखविलें. तेव्हां केंद्रक आहे कीं नाहीं, हा पेशीला विचारावयाचा पहिला प्रश्न खरा. परंतु कुळाचा निर्णय तेवढ्यावर होत नाहीं.