टीपी५३ जनुक आणि मुखाचा कर्करोग : एक विवेचन

प्रस्तावना
बियाणे उद्योग आणि २००२ मध्ये लागवडीस मान्यता मिळालेला बीटी कापूस यांमुळे 'जनुक' ही संकल्पना जालना जिल्ह्यात शेताच्या बांधापर्यंत पोहोचली. तथापि, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील पेशींत जे जनुक वारंवार बिघडलेले आढळते, त्याचा परिचय अधिक निकडीचा आहे. प्रस्तुत लेखात टीपी५३ या मानवी जनुकाचे कार्य आणि मुखाच्या कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध स्पष्ट केला आहे.

जनुकाचे कार्य
टीपी५३ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. त्यापासून ३९३ अमिनो आम्लांचे पी५३ हे प्रथिन तयार होते. या प्रथिनाचा शोध १९७९ मध्ये लागला. आरंभी ते कर्करोगास चालना देणारे मानले गेले. १९८९ मधील संशोधनातून ते वस्तुतः कर्करोगास अटकाव करणारे असल्याचे दिसून आले. हे प्रथिन प्रतिलेखन घटक आहे, म्हणजेच ते डीएनएवरील ठराविक जागी बसून अन्य जनुकांना कार्यान्वित करते. निरोगी पेशीत एमडीएम२ हे दुसरे प्रथिन त्याचे प्रमाण अल्प ठेवते. डीएनएला इजा होताच हे नियंत्रण सुटते व पी५३ साठू लागते. त्यामुळे पी२१ हे जनुक कार्यान्वित होऊन पेशीविभाजन थांबते आणि दुरुस्तीस अवधी मिळतो. दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीचा नियोजित मृत्यू घडतो.

बिघाड आणि तंबाखू
तंबाखूतील नायट्रोसामाइन संयुगे शरीरात रूपांतरित होऊन डीएनएला चिकटतात व उत्परिवर्तने घडवतात. पी५३ मधील एखादे अमिनो आम्ल बदलले तरी त्याची डीएनएवरील पकड सुटू शकते. मग सदोष पेशीही विभाजित होत राहते. नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांच्या सहभागातून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गाल व हिरडी यांच्या कर्करोगात, म्हणजे तंबाखूची गोळी धरली जाते त्याच जागी, वारंवार बदललेल्या जनुकांत टीपी५३ चा समावेश होता.

समारोप
मुखाच्या कर्करोगाकडे 'नशिबाचा भोग' म्हणून पाहिले जाते. परंतु टीपी५३ मधील दोष जन्मतः असणे दुर्मीळ आहे. बहुतांश रुग्णांत तो आयुष्यात पुढे उद्भवतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण चुना लावून मळलेल्या तंबाखूची सवय कायद्याने सुटत नाही. तंबाखू सोडणे, तसेच तोंडातील न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसताच तपासणी करून घेणे, हाच या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.