होदिगेरेची समाधी

रोमन सम्राट ऑगस्टस याने आपले थडगे स्वतःच्या हयातीतच बांधावयास घेतले. इ. स. पूर्व 28 च्या सुमारास टायबर नदीच्या काठी उभी राहू लागलेली ती प्रचंड वर्तुळाकार वास्तू त्याच्या वैभवाची द्वाही फिरवीत होती. इ. स. 14 मध्ये तो नोला या गावी मरण पावला, तेव्हा त्याच्या अस्थी तेथेच आणून ठेवण्यात आल्या. मृत्यू कोठेही येवो, स्मारकाची जागा त्याने आधीच ठरविली होती.

शहाजीराजे भोसल्यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. जेथे मृत्यूने गाठले तेथेच त्यांची समाधी झाली. कर्नाटकातील चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरे या लहानशा गावी उघड्या आभाळाखाली एक साधा दगडी चौथरा आहे. शिखर नाही, घुमट नाही, राजवैभवाची एकही खूण नाही. भव्य काही पाहण्याच्या अपेक्षेने जाणारा प्रवासी थोडा निराशच होतो. ही समाधी डोळ्यांनी पाहण्यापेक्षा भोवतालच्या मुलखासह समजून घ्यावयाची आहे, आणि त्या समजुतीचा आरंभ बंगळुरापासून करणे योग्य ठरते.

पहिल्या केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेले हे शहर 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने जिंकले. त्या स्वारीत शहाजीराजे त्याच्यासोबत होते. पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले आणि तेच त्यांचे ठाणे झाले. त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात उमटले असून, तो ग्रंथ इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केला. निरनिराळ्या भाषांतील कवींनी तेथे राजांची स्तुती केलेली आढळते. मल्लेश्वरम् या भागातील काडुमल्लेश्वराच्या देवळाजवळ 1669 चा शिलालेख आहे. राजांचे पुत्र एकोजी यांनी देवाला गाव दान दिल्याची नोंद त्यावर आहे. 1687 मध्ये हे शहर मोगलांच्या हातून, तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात, म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. म्हणजे सुमारे अर्धे शतक बंगळुराशी भोसल्यांचा संबंध होता.

बंगळुराहून तुमकूर, चित्रदुर्गाच्या वाटेने होदिगेरेकडे निघाले की खडकाळ माळरान हळूहळू मागे पडते आणि सुपारीच्या बागा दिसू लागतात. जवळच सूळेकेरे, म्हणजेच शांतिसागर, हा विस्तीर्ण प्राचीन तलाव आहे. पश्चिमेस बिदनूरच्या नायकांचा डोंगराळ मुलूख. विजापूरच्या सुलतानास हा मुलूख कधीच पुरता कह्यात ठेवता आला नाही, आणि तेथील स्वाऱ्यांतच राजांचे उत्तरायुष्य सरले. 23 जानेवारी 1664 रोजी याच परिसरात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. घोड्याचा पाय वेलीत अडकला, असे बखरी सांगतात.

त्याच महिन्यात त्यांचे पुत्र शिवाजीराजे सुरतेच्या स्वारीवर होते. मोगलांची श्रीमंत बाजारपेठ लुटून ते परतले ते पित्याच्या निधनाची वार्ता ऐकण्यासाठीच. बाप विजापूरच्या चाकरीत असताना कर्नाटकात देह ठेवतो, आणि मुलगा उत्तरेस स्वतःच्या राज्याचा दरारा बसवितो, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. तरीही दोघांत अंतर होते असे मानण्याची घाई करू नये. 1648 मध्ये जिंजीजवळ राजांना कैद झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी मुलांना कोंढाणा आणि बंगळूर ही दोन्ही ठाणी सोडावी लागली होती. सह्याद्री आणि कर्नाटक यांचे भवितव्य एकाच घराण्याच्या सुखदुःखात गुंतले होते.

समाधीच्या परिसराने पुढेही मराठ्यांना साथ दिली. चन्नगिरी या नावात केळदीच्या राणी चेन्नम्माचे नाव असल्याचे सांगतात. 1689 मध्ये रायगडाहून निसटून जिंजीकडे निघालेल्या राजाराम महाराजांना औरंगजेबाच्या रोषाची पर्वा न करता वाट देणारी हीच राणी. ज्या बिदनूरवर आजोबा चालून गेले, त्याच राज्याने नातवाला तारले.

ऑगस्टसच्या भव्य थडग्याचा पुढे किल्ला झाला, बाग झाली, कधी बैलांच्या झुंजीचे मैदान, तर कधी संगीतगृह. 1936 मध्ये तेथील मैफली बंद झाल्या. दगड टिकले, त्यांचा अर्थ मात्र युगायुगांत हरवत गेला. होदिगेरेच्या चौथऱ्याजवळ हरवण्यासारखे वैभव मुळातच नव्हते. त्याचा अर्थ जिवंत राहतो तो जाणत्या माणसांमुळे. शहाजीराजे हे केवळ शिवछत्रपतींचे पिता नव्हते. कन्नड मुलखात त्यांनी आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे घालविली, तेथील कवींना आश्रय दिला आणि तेथील मातीतच ते विसावले, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला तो साधा दगड पुरेसा आहे.