शहर दुप्पट होते म्हणजे काय?

शाळेच्या भूगोलात नागरीकरणावर एक धडा असतो. ‘खेड्यांतील लोक कामासाठी शहरांकडे येतात, त्यामुळे शहरे वाढतात आणि घरांची टंचाई निर्माण होते’ अशा अर्थाचे एक वाक्य त्यात हमखास सापडते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. वाक्य चुकीचे नाही, पण त्यातून फारसे काही कळत नाही. शहर किती वेगाने वाढते? टंचाई नेमकी कोणासाठी असते? नवी घरे कोणत्या जमिनीवर उभी राहतात, आणि त्या जमिनीवर आधी काय होते? हे प्रश्न विचारले, की हाच धडा गणिताचा, विज्ञानाचा आणि नागरिकशास्त्राचाही होतो.

हे प्रश्न आपण एका खऱ्या शहराला विचारू. त्यासाठी आम्ही पिंपरी-चिंचवड निवडले आहे. त्याची वाढ एका माणसाच्या आयुष्यात मावेल इतकी अलीकडची आहे.

चार गावांचे शहर

१९५४ साली पिंपरीला ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ हा पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे औद्योगिक वसाहत उभारली. टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने त्यांच्यामागून आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली.

आता जनगणनेचे आकडे पाहू. १९७१ साली येथील लोकसंख्या लाखाच्या आत होती. १९८१ साली ती सुमारे अडीच लाख झाली, १९९१ साली पाच लाखांच्या थोडी वर गेली, २००१ साली दहा लाख झाली आणि २०११ साली सुमारे सव्वासतरा लाख. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून आपण २०११ पाशीच थांबू.

अडीच, पाच, दहा. १९८१ पासून वीस वर्षांत शहर दोनदा दुप्पट झाले. चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलांना येथे एक सोपा ठोकताळा सांगता येईल. ७० या संख्येला वाढीच्या वार्षिक टक्क्यांनी भागले, की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे मिळतात. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे ७ टक्के वाढ. ७ टक्के ऐकायला लहान वाटतात. पण त्याचा अर्थ असा, की त्या शहराने आपल्या सुरुवातीपासून आजपर्यंत जितकी घरे, शाळा, जलवाहिन्या, गटारे आणि रस्ते बांधले, तितकेच सगळे पुन्हा एकदा, फक्त दहा वर्षांत बांधायचे. शिवाय जुन्याची दुरुस्ती करायची ती वेगळीच.

ही वाढ तीन मार्गांनी होते. शहरात जन्मणारे मृत्यू पावणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, हा पहिला मार्ग. बाहेरून लोक राहायला येतात, हा दुसरा. तिसरा मार्ग मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. शहराची हद्दच वाढते. १९९७ साली आजूबाजूची अनेक गावे या महापालिकेत घेतली गेली, त्यामुळे १९९१ ते २००१ या दशकातील वाढीत हद्दवाढीचाही वाटा आहे. तिथला शेतकरी कुठेही गेला नाही. शहर त्याच्याकडे आले.

माणसे आणि घरे

लोकसंख्या दुप्पट झाली तर घरेही दुप्पट लागतील, असे आपण सहज म्हणतो. पण घरांची गरज त्याहून वेगाने वाढते. एक लाख लोक आहेत आणि दर घरात सरासरी पाच माणसे राहतात असे धरा. म्हणजे २० हजार घरे लागतील. कुटुंबे लहान होऊन सरासरी चारवर आली, तर त्याच एक लाख लोकांना २५ हजार घरे हवीत. एकही नवा माणूस आला नाही, तरी गरज पाव पटीने वाढली. एकत्र कुटुंबातून वेगळे होणारे जोडपे आणि नोकरीसाठी एकटा राहणारा तरुण हे दोघेही या हिशेबात येतात.

मग घरे कमी आहेत म्हणून टंचाई आहे का? येथे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. केंद्र सरकारने नेमलेल्या एका तज्ज्ञगटाने २०१२ साली देशाच्या शहरी भागातील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचा अंदाज दिला. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे एकीकडे घर नसलेली माणसे आणि दुसरीकडे माणसे नसलेली घरे. तज्ज्ञगटाच्या अहवालात या कोड्याची उकलही आहे. तुटीपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता. बांधली गेलेली घरे आणि घर हवी असलेली माणसे यांची किमतीपाशीच चुकामूक होत होती.

हे मुलांना हिशेबाने दाखवता येते. समजा, एका कुटुंबाची मिळकत महिना २५ हजार रुपये आहे. खाणे, शिक्षण, औषधपाणी, प्रवास हे सगळे भागवून ते ७,५०० रुपये हप्त्यासाठी बाजूला काढू शकते. ९ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाख कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ९०० रुपये बसतो. म्हणजे या कुटुंबाला फार तर सव्वाआठ लाखांचे कर्ज झेपेल. आता वर्तमानपत्रातल्या घरांच्या जाहिराती वर्गात आणाव्यात आणि या रकमेत काय मिळते ते मुलांनाच शोधू द्यावे. उत्तर आम्ही सांगण्याची गरज पडणार नाही.

गुंठ्याचा रस्ता

कामगारांना परवडतील अशी आखीव घरे मिळावीत, हा विचार येथे झालाच नव्हता असे नाही. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करून, त्यांवर रस्ते व मोकळ्या जागा आखून, पेठांची वसाहत उभी करायची अशी ती योजना होती. निगडी-आकुर्डीकडचे रुंद रस्ते त्याची साक्ष देतात. पण शहराच्या वाढीपुढे ही घरे अपुरी पडली. पुढे २०२१ साली हे प्राधिकरणच विसर्जित झाले.

मग उरलेल्यांनी काय केले? त्यांनी गुंठ्याचा रस्ता धरला. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, सुमारे १,०८९ चौरस फूट. शेतीच्या जमिनीचे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापासूनच बंधने आहेत. तरीही शहराच्या कडेला शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, अर्धा गुंठाही विकला गेला. असा तुकडा स्वस्त मिळतो, कारण त्याच्या किमतीत रस्ता, गटार, शाळा, मैदान यांपैकी कशाचीच जागा धरलेली नसते. घर बांधून झाल्यावर हे सगळे लागतेच, पण तेव्हा त्यासाठी जमीन शिल्लक नसते. अग्निशमनाचा बंब आत जाणार नाही अशा गल्ल्या तयार होतात त्या अशा. राज्य सरकारने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली. कागद नियमित होतो, गल्ली मात्र रुंद होत नाही.

पाणी कुठून येते, कुठे जाते

या शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवे, असे प्रमाण आपल्याकडे धरतात. २०११ च्या लोकसंख्येला त्याने गुणले, तर दिवसाला सुमारे २३ कोटी लिटर होतात. शिवाय गळतीही धरावी लागते. २०१९ साली पाऊस भरपूर झाला होता, तरी त्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी देणे सुरू झाले. हे कसे? धरणातले पाणी नळापर्यंत पोहोचायला उपसा, शुद्धीकरण, टाक्या आणि जलवाहिन्या यांची साखळी लागते. तिची जी कडी सर्वांत अरुंद, तितकेच पाणी पुढे जाते. घरे दोन वर्षांत उभी राहतात, साखळी इतक्या लवकर वाढत नाही.

शहराच्या तहानेची झळ दूरवर पोहोचते. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून शहराला नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्यांच्या आंदोलनावर बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्यात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. शहराच्या नळाला येणारे पाणी आधी कोणाचे होते, हा प्रश्न वर्गात टाळू नये असे आम्हाला वाटते.

आता पावसाच्या पाण्याकडे वळू. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते ५ लाख लिटर. गवताळ जमिनीवरून त्यातले पाव पाणी वाहून जाते असे धरू, म्हणजे सव्वा लाख लिटर. तेथे छपरे आणि काँक्रीट आले, की नव्वद टक्के पाणी वाहते, म्हणजे साडेचार लाख लिटर. पाऊस तोच, जमीन तीच, पण नाल्यात साडेतीन पटींहून अधिक पाणी येते आणि तेही लवकर येते. दोन ताटे तिरपी ठेवून, एकात गवतासह माती आणि दुसऱ्यात फरशी घालून, झारीने एकेक लिटर पाणी ओतावे. खाली जमणारे पाणी आणि त्याला लागणारा वेळ मोजला, की हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

पूररेषा आणि चिंचोके

पिंपरी-चिंचवड परिसरातून पवना, मुळा आणि इंद्रायणी या नद्या वाहतात. नदीकाठी नकाशावर दोन रेषा आखतात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत घरे बांधण्यास मनाई असते.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा गैरसमज होतो. नुकताच पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त, असे लोकांना वाटते. त्याचा खरा अर्थ, असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी पंचविसात एक असते. एका पिशवीत २४ साधे आणि एक रंगवलेला चिंचोका घाला. प्रत्येक मुलाने न पाहता एक चिंचोका काढायचा, पाहायचा आणि परत टाकायचा, असे वीस वेळा. वीसच का? कारण घराचे कर्ज बहुधा वीस वर्षांचे असते. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण बावीस मुलांच्या हाती रंगीत चिंचोका निदान एकदा तरी येईल. गणिताने ही शक्यता ५६ टक्के येते. म्हणजे निळ्या रेषेच्या काठावर घर घेणाऱ्याच्या दारात, हप्ते फिटायच्या आत पूर येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे. वरच्या भागात काँक्रीट वाढले, तर जणू पिशवीत आणखी रंगीत चिंचोके पडतात.

मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ साली तसा आदेश दिला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला. नदीच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण ती जमीन विकली जात असताना, भिंती चढत असताना रेषा नकाशावरच राहिली, याची किंमत घर घेणाऱ्यांनी मोजली. नकाशा वाचता न येणे असे महाग पडू शकते.

वर्गात काय करता येईल?

आपल्या गावाचे किंवा शहराचे १९७१ पासूनचे जनगणनेचे आकडे मुलांना जमवू द्यावेत आणि ७० चा ठोकताळा लावून पाहावा. शाळेच्या एक किलोमीटर परिसरात आजी-आजोबांच्या आठवणीत कुठे ओढा, विहीर, शेत होते, ते आजच्या नकाशावर रंगवावे.

याहून एक मोठे काम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नगरपालिकांना व महानगरपालिकांना विकास आराखडा तयार करावा लागतो. त्याचे प्रारूप जाहीर झाले, की ठरावीक मुदतीत कोणालाही हरकती व सूचना देता येतात. शाळा, मैदान, उद्यान, रुग्णालय यांच्यासाठी राखलेल्या जागा त्यात रंगांनी दाखवलेल्या असतात. बहुतेक हरकती ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडते त्यांच्याच येतात, कारण आराखडा तेच बारकाईने पाहतात. ज्या मुलांसाठी मैदान राखलेले असते, त्यांच्या वतीने कोणी पाहत नाही. नववी-दहावीच्या मुलांनी तो नकाशा शिक्षकांबरोबर वाचावा, राखलेल्या जागेवर प्रत्यक्ष जाऊन तेथे आज काय आहे ते टिपावे आणि काही खटकले तर लेखी सूचना करावी. नगररचना कार्यालयात अशा अर्जाची पोच मिळते. ती वर्गाच्या फलकावर लावून ठेवावी.